दुसऱ्या भागातला भाऊ

मी चौदा वर्षांची असताना एका माणसाला जिवंत ठेवलं आणि वीस वर्षांची झाल्यावर त्याला मारलं. दोन्ही वेळा माझ्या हातात एकच पुस्तक होतं. फौजदारी वगैरे झाली नाही. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पुस्तकाने केलेल्या खुनाला कलम नव्हतं, अजूनही नसावं. सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट मला पचत नाही.

पुस्तक पोरांसाठी लिहिलेलं होतं आणि त्याचे भाग होते. मुंबईच्या गोदीत कारकून असलेला माझा मामा दर मे महिन्यात बोटीने गावी यायचा. मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी त्याने ट्रंकेतून पहिला भाग काढून दिला, चहाची पुडी आणि आईचं लुगडं यांच्यामध्ये चेपलेला. मी तो घेऊन माळ्यावर चढले आणि जेवायलाही उतरले नाही. दुपारी आईने शिडीखाली उभं राहून विचारलं, "जिती आसंस काय गो वर?"

त्या पुस्तकात एक शहर होतं. समुद्राच्या काठावरच वसलेलं, पण समुद्राच्या बाजूला उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे बघायची बंदी. शहरात एक मोठी वही असते, असलेल्यांची वही. तिच्यात ज्याचं नाव आहे तो माणूस आहे. ज्याचं नाव खोडलं तो मेला असंही म्हणायचं नाही, तो कधी नव्हताच. भोंगा वाजतो, शिपाई घरी येतात, त्याचं ताट, त्याची चटई, त्याचे कपडे उचलून नेतात, आणि घरच्यांनी संध्याकाळपर्यंत त्याला विसरायचं. आई रडली तर आईचंही नाव जातं. अशा त्या शहरात चौदा वर्षांची एक मुलगी आणि तिचा थोरला भाऊ राहतात. भाऊ एकदा गच्चीवर चढून समुद्र बघतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव वहीत नसतं. मुलगी मात्र विसरत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी ती भिंत ओलांडते, जन्मात पहिल्यांदा समुद्र बघते, आणि ओल्या वाळूत तिला पावलं दिसतात, पाण्याकडे गेलेली. परत आलेली आहेत की नाहीत हे कळायच्या आत लाट येते. पहिला भाग समाप्त.

अशा ठिकाणी भाग संपवणाऱ्या लेखकाला काय शिक्षा असावी यावर मी तेव्हा बराच विचार केला होता. मिठाचं पाणी पाजावं, असं ठरवलं होतं.

आता श्रावण. श्रावणात आमच्या पडवीत दुपारची पोथी लागायची. वाडीतल्या दहा-बारा बायका काथ्या घेऊन यायच्या, सुंभ वळत वळत ऐकायच्या. त्यांच्यात अक्षर ओळखणारी कोणी नव्हती, म्हणून वाचायचं काम शाळेत जाणाऱ्या माझ्या गळ्यात पडलेलं. मी त्या वर्षी लबाडी केली. रोज एकाच्या जागी दोन अध्याय रेटले आणि अर्ध्या श्रावणातच पोथी संपवली. पण बायकांना दुपारची सवय लागलेली, त्या दुसऱ्या दिवशीही काथ्या घेऊन हजर. मग मी माळ्यावरून माझं पुस्तक आणलं, त्याच पाटावर बसले, पोथीच्या त्याच लाकडी चौरंगावर ते उघडून ठेवलं. आई आली आणि काही न विचारता तिने त्याच्यावर जास्वंदीचं फूल वाहिलं. हात सवयीने चालतात. मला इतकं हसू आलं की पहिलं पान मला दोनदा वाचावं लागलं. ते फूल मी तेव्हाच काढून टाकायला हवं होतं.

वाचन तर असं रंगलं म्हणता! शिपायांना मी दशावतारातल्या राक्षसाचा आवाज दिला. भोंगा दोन्ही हात तोंडाशी धरून काढला, तेव्हा अंगणातला कुत्रा शेपूट घालून माडांत पळाला. बायकांना त्या शहराची काळजी लागली.

"समुद्र बघूचो नाय? मग मासळी खंयसून गावता तेंका?" एकीने विचारलं.

पुस्तकात मासळीचा शब्द नव्हता. मी क्षणात पुरवला. "सरकार देतं. आठवड्याला माणशी दोन बांगडे."

"दोनच? शिरा पडो त्या सरकाराच्या तोंडार!"

"आणि तेय शिळे असतले," दुसरी म्हणाली.

मला त्या दिवशी कळलं की छापलेल्या ओळीवर नजर ठेवून तोंडाने वेगळंच वाचता येतं, आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्या शोधाचा आनंद काय सांगू. कोणाला आयुष्यात पहिल्यांदा पोहता आल्यावर होत असेल तसा.

या बायकांत आमच्या शेजारची एक होती, नात्याने लांबची काकी. तिचा नवरा मंगळुरी कौलं आणणाऱ्या गलबतावर खलाशी होता. गलबत वादळात गेलं. पाच जणांची प्रेतं वेंगुर्ल्याच्या बाजूला लागली, त्यांत तो नव्हता. काकी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि त्या गोष्टीला आता अकरा वर्षं होऊन गेली होती. समुद्रावरून न परतलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, आणि मग त्याचा दर्भाचा पुतळा करून तो जाळायचा, असा आमच्याकडे रिवाज. पुतळा जळला की माणूस मेला. तोवर बायकोने कुंकू लावायचं. काकी लावायची, चांगलं ठसठशीत.

शिपाई भावाचं ताट उचलून नेतात ते पान मी वाचलं तेव्हा काकीचे हात काथ्यावर थांबले.

"ताट न्हेल्यानी?"

"नेलं."

"आणि आवशीन न्हेवक दिल्यान?"

"दिलं. काय करणार?"

"माज्या हातातसून तेंका न्हेवक गावला नसता," ती म्हणाली आणि पुन्हा सुंभ वळायला लागली. बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले आणि पुढचा भोंगा जरा जास्तच मोठा काढला.

पुढच्या वर्षी बारा वर्षं पुरी होत आली. काकीच्या सासूने आणि दिराने पुतळ्याचं बोलणं काढलं. सासू तशी वाईट नव्हती. तिचं म्हणणं एवढंच की पोराला पाणी मिळत नाही. श्राद्ध नाही, तर्पण नाही, बारा वर्षं तहानलेला फिरतोय कुठेतरी. काकीचं म्हणणं, जिवंत माणसाला कशाला पाणी सोडायचं? मेलाय कशावरून? मग ती देवळात जाऊन कौल लावून आली. देवाच्या दोन्ही अंगांना गुरव ओले तांदूळ लावतो, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. काकी सकाळी जाऊन बसली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. एकही दाणा पडला नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हाही नाही. गुरव म्हणाला, देव बोलत नाही, आपण काय करणार.

त्यानंतर एके सकाळी विहिरीवर तिने मला गाठलं.

"त्या पुस्तकाचो दुसरो भाग कधी येतलो गो?"

"मामा गणपतीक घेवन येतलो. कित्याक?"

"त्या चेडवाचो भाव गावता काय नाय, ता बघूचा आसा माका." तिने घागर कडेला टेकवली. "गावलो तर माझो घोव जितो आसा. मग मी पुतळो करूक देवचंय नाय. कोणीय येवन सांगानेत."

"आणि नाय गावलो तर?"

"नाय गावलो तर सासू म्हणता तसा."

मी थोडी घाबरले, खरंच सांगते. म्हटलं, "अगो काकी, ती पोथी नाय. कोणीतरी मुंबयत बसान मनान लिवलेला आसा ता."

"पोथयेच्या जागेर वाचलंस ना? फूल घातलेला मी बघलंय." मग ती म्हणाली, "देव देवळात बोलाक नाय. खंयसून तरी बोलतलोच ना गो?"

मी तिला घागर कडेवर घ्यायला हात दिला. 

त्या वर्षी मामा गणपतीला एस.टी.ने आला, भाद्रपदात बोट कुठली चालायला. घाटात गाडी लागून हिरवा झालेला, पण पिशवीत दुसरा भाग होता. खाली मोदकांची उकड चालली होती. मी नारळ खोवण्यातून अंग काढून माळ्यावर पळाले आणि गवताच्या पेंढ्यांवर पालथी पडून वाचायला लागले. स्वतःसाठीच वाचत होते, काकी पहिली वीस पानं तरी माझ्या मनातही नव्हती. मला तो भाऊ हवा होता. वर्षभर मी त्याला मनात वाढवला होता, मिसरूड फुटवलं होतं, त्याच्याशी भांडले होते.

तिसऱ्या प्रकरणात त्या मुलीला किनाऱ्यावर मिठागरातला एक म्हातारा भेटतो. ती पावलांबद्दल विचारते. म्हातारा म्हणतो, "तुझा भाऊ त्याच दिवशी गेला, पोरी. मीच त्याला वाळूत पुरला." बस्स. दोन ओळी. पुढची दोनशे पानं भाऊ नाही. मुलगी भिंतीआत परत जाते, ती वही फाडायच्या मागे लागते, आणखी माणसं खोडली जातात, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षाही काळोख्या जागी संपतो. मी पानं पुढे-मागे उलटली, कुठे तो भाऊ पुन्हा येतो का बघायला. येत नव्हता. मी पुस्तक पेंढ्यावर आपटलं आणि रडले. खाली आरती सुरू झाली तेव्हा मला काकी आठवली.

पुतळ्याला भटजींनी विसर्जनानंतरचा बारावा दिवस काढून दिला होता. विसर्जनाच्या दुसऱ्याच दुपारी काकी काथ्या न घेताच पडवीत येऊन बसली. बाकीच्या बायका तिच्यामागून आल्या. कोणालाही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आईने पुन्हा फूल वाहिलं.

दोन दिवस मी इमानाने वाचलं, फक्त आवाज काढले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो म्हातारा आला. मी ओळीवर बोट ठेवलं. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती, पुस्तकाकडे नाही. मी वाचलं, "तुझा भाऊ होडीने बेटावर गेलाय, पोरी. परत येईन म्हणून सांगून गेलाय."

पडवीत एकच गलका झाला. एक बाई म्हणाली, "मी म्हटलंलंय ना!" दुसरीने काकीच्या पाठीवर थाप मारली.  काकीने पदर डोळ्यांना लावला आणि मला खुणेने सांगितलं, वाच. मी वाचत सुटले. सगळे आवाज परत आले, राक्षस, भोंगा, लाटा, सगळे. त्या दुपारइतकं चांगलं मी पुन्हा कधी वाचलं नाही. आज मला त्या गोष्टीची लाज वाटायला हवी आणि वाटतेही, पण काय रंग भरला होता म्हणून सांगू.

पुढचे सहा दिवस भाऊ माझ्या जिवावर जगला. छापलेल्या दोनशे पानांत त्याला खुपसायचा, आणि बाकीची गोष्टही मोडायची नाही. बेटावर त्याला ताप आणला. ताप उतरवला. होडी दिली, तर वारा उलटा. शेवटच्या दिवशी मी त्याला होडीत बसवून किनाऱ्याकडे निघालेला दाखवला आणि पुस्तक मिटलं. घरी आणला नाही. का, तर तिसरा भाग यायचा होता, आणि याला आत्ताच घरी आणला तर तिसऱ्या भागात त्याचं काय करायचं याची मला चिंता! चौदा वर्षांच्या डोक्यात कसले हिशेब असतात बघा. तिसरा भाग कधी निघालाच नाही. मामाने फुटपाथवर पुष्कळ शोधला. त्यामुळे तो भाऊ वाटेवरच राहिला.

त्याच संध्याकाळी काकीने सासूला सांगितलं, पुतळा करू देणार नाही. भांडणाचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. दीर विचारत होता, आधार काय? देवाने कौल दिला का? काकी म्हणाली, पुस्तकात आलंय. दीर थेट आमच्याकडे आला, रागाने लाल. तो सातवीपर्यंत शिकलेला.

"खंय आसा ता पुस्तक? दाखय बघूया."

मी आत गेले आणि पहिला भाग आणून दिला. तोंड असं भोळं केलं की देवळातल्या मूर्तीने बघून शिकावं. त्याने शेवटची पानं उलटली. मुलगी वाळूत उभी, पावलं, लाट.

"ह्याच्यात तर काय नाय."

"दुसरो भाग मामा परत घेवन गेलो, काका. कोणाचो तरी मागान आणलेलो."

दुसरा भाग माळ्यावर पेंढ्यात होता. दीर बिचारा "पोरांचा पुस्तक, आणि तेच्यार संसार!" असं पुटपुटत निघून गेला. मला तेव्हा तो विजय वाटला होता.

पुतळा झाला नाही. पहिलं वर्ष काकी उजळ होती. मग दिराने चूल वेगळी केली, ती मागच्या पडवीत रांधायला लागली. दिराच्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा त्याचं कारण काकीचं कुंकू ठरलं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं थांबलं. विधवा म्हणता येईना, सवाशीण म्हणवेना. मी या काळात मॅट्रिक झाले आणि माझं लग्न ठरलं, त्याच गावात, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या घरात. अधूनमधून काकी विचारायची, "तिसरो भाग इलो काय गो?" मी म्हणायची, नाही आला. ती म्हणायची, "येतलो." इतकंच. मी विषय बदलून काहीतरी नक्कल करून तिला हसवायची. माझ्याकडे नकला पुष्कळ होत्या.

लग्नानंतरचा माझा पहिला ओवसा होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे गौरीपुढे सवाशिणी सुपात फळं, पानं, खणनारळ भरून ओवसतात आणि ती सुपं वडीलधाऱ्या बायकांच्या हातात देऊन पाया पडतात. मी सासरचं आटपून नव्या साडीत मिरवत काकीच्या सासूला सूप द्यायला गेले. म्हातारी गौरीजवळ बसलेली. तिने माझं सूप घेतलं, तोंडभर आशीर्वाद दिला. माझ्यामागे काकी आपलं सूप घेऊन उभी होती. दर वर्षी उभी राहत असावी. मला माहीत नव्हतं, मी आपल्याच तोऱ्यात.

म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आये, घेवा," काकी म्हणाली.

"कसा घेव गो तुझा सूप? अठरा वर्सां माज्या झिलाक कोणी पाणी देवक नाय." म्हातारी ओरडली वगैरे नाही, अगदी दमलेल्या आवाजात बोलली. "माका सपनात दिसता तो. व्हंट सुकलेले आसत. तू कुकू लावन उभी रवतंस, आणि तो थंय घोटभर पाण्यासाटी फिरता. मी मरान गेलंय काय मग कोण देतला?"

काकीने सूप जमिनीवर ठेवलं, पाया पडली आणि मागच्या दाराने गेली. मी तिथेच उभी. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी त्या होडीत बसवलेला माणूस दोन बायका धरून बसल्या होत्या, एक या टोकाने, एक त्या टोकाने, आणि दोघींचीही सुटका माझ्या तोंडात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. काकी मागच्या पडवीत सुंभ वळत होती.

"काकी, त्या पुस्तकातलो भाव..."

"वाटेर आसा ना?" ती हसून म्हणाली. "इलो काय तिसरो भाग?"

"तो मेलोलो. तिसऱ्या प्रकरणातच मेलोलो. मी तुका खोटा वाचून दाखवलंय."

तिचे हात आणखी वीतभर सुंभ वळेपर्यंत चालूच राहिले. मग थांबले. ती मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती वर्सां झाली?"

"सहा."

"कोणाक म्हायत आसा?"

"कोणाक नाय."

"पुस्तक आसा?"

"आसा."

"घेवन ये."

मी माहेरी जाऊन पेंढ्यातून पुस्तक काढलं. वाळवी लागली होती, पण ते पान शाबूत होतं. परत आले तर काकी तशीच बसलेली, फक्त मांडीवरचा काथ्या बाजूला सारलेला. पाट नव्हता, फूल नव्हतं. मी मातीवर बसले आणि आहे तसं वाचलं, कोणताही आवाज न काढता. "तुझा भाऊ त्याच दिवशी गेला, पोरी. मीच त्याला वाळूत पुरला."

"परत."

मी परत वाचलं.

"परत."

मी तिसऱ्यांदा वाचलं.  काकी त्या पानाकडे बघत राहिली, तिला न वाचता येणाऱ्या ओळींकडे.

"तेका पुरल्यान त्या म्हाताऱ्यान?"

"पुरल्यान."

"म्हणजे कोणीतरी होतो थंय," ती म्हणाली.

मग ती उठली, तोंड धुतलं, पदर नीट केला आणि पुढच्या दाराने सासूकडे गेली. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. काकी म्हातारीपुढे बसून म्हणाली, "आये, भटाक बोलवा. तुमच्या झिलाक पाणी देवया."  म्हातारी चटईवर जराशी बाजूला सरकली आणि काकीला शेजारी जागा करून दिली. दोघी तशाच बसून राहिल्या. रडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही.

पुतळा करताना मी होते. दर्भाच्या काड्या बांधून धड, पळसाचे देठ हातापायांना, डोक्याच्या जागी नारळ. दिराने तो दोन्ही हातांवर उचलला तेव्हा म्हातारी म्हणाली, "सांबाळून रे." पुरुष तो घेऊन किनाऱ्याकडे गेले. माडांच्या वर धूर दिसला, फार नाही, गवताचा असतो तेवढाच. वाडीतल्या बायका काकीच्या बांगड्या फोडायला आल्या, तर तिने त्या आधीच काढून फळीवर ठेवल्या होत्या. मंगळसूत्र म्हातारीच्या हातात दिलेलं. कपाळ तिने स्वतःच पुसलं होतं. तिथे कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी होती, रुपयाएवढी.

काकी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझ्याशी तिने अबोला धरला नाही. माझी बाळंतपणं तिने केली, माझ्या हातचं जेवली, आजारी पडली तेव्हा औषधही माझ्याच हाताने घेतलं. म्हातारीला शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं. फक्त एक होतं. पडवीत माणसं जमली, कोणीतरी मला म्हणालं, अगो, ता सांग ना, आणि मी पदर खोचून एखादी गोष्ट सुरू केली, की काकी हातातलं काम गोळा करायची आणि उठून मागच्या दारी जाऊन बसायची. गोष्ट संपून हसणं थांबलं की परत यायची. मी कधी तिला थांब म्हटलं नाही. आणि गोष्टी सांगणंही सोडलं नाही.